त्वचेचा विकार आणि आतड्यावरचा संशय

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकाळ टिकणारा दाहजन्य विकार असून त्यात त्वचेच्या बाह्य स्तरातील पेशी इतक्या वेगाने निर्माण होतात की एरवी सुमारे महिनाभर चालणारे त्यांचे चक्र काही दिवसांतच पुरे होते आणि अपक्व पेशींचे चंदेरी खपले लालसर चट्ट्यांवर साचत जातात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याची त्वचा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. काही रुग्णांत सांधेही सुजतात. विकार डोळ्यांना त्वचेवर दिसत असला, तरी त्याचे मूळ पोटात असावे हा संशय फार जुना आहे आणि आज प्रोबायोटिक, म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, सोरायसिसच्या प्रचलित उपचारांच्या जोडीने दिले जातात, तेव्हा त्या संशयाचेच नवे रूप समोर येते. या संशयाचा इतिहास आणि सोरायसिसच्या औषधांचा इतिहास हे दोन प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून अलग वाहिले. आतड्याकडे बोट दाखवणाऱ्यांजवळ सिद्धान्त होता, पण गुण देणारे औषध नव्हते. आणि गुण देणारी औषधे बहुतेक वेळा कोणत्याही सिद्धान्ताविना, व्यापाराच्या वाटेने किंवा निव्वळ योगायोगाने हाती लागली.

भारतीय वैद्यकात त्वचेच्या विकारांचा विचार कुष्ठ या व्यापक वर्गात झाला. चरकसंहितेने कुष्ठाचे अठरा प्रकार मानले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे आहेत. या अकरांतील एककुष्ठाचे वर्णन करताना घाम न येणारी, शरीराचा मोठा भाग व्यापणारी आणि माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी त्वचा सांगितली आहे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसची तुलना एककुष्ठाशी किंवा याच अकरांतील किटिभाशी करतात. ही जुळणी आधुनिक काळातील आहे आणि प्राचीन वर्गीकरणातला प्रत्येक प्रकार आजच्या एकेका रोगावर चपखल बसवण्याचा हट्ट फारसा फलदायी नाही. महत्त्वाचे हे की या परंपरेने कुष्ठाच्या कारणांत आहाराला पहिल्या रांगेत बसवले: मासे आणि दूध यांसारखे परस्परविरोधी अन्न एकत्र घेणे, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, उलटीसारखे वेग अडवणे. कारण पोटात असल्याने उपचारही पोटापासून सुरू होई आणि लेपांच्या आधी शोधन, म्हणजे दोष शरीराबाहेर काढण्याची क्रिया, केली जाई. सुश्रुत आणि वाग्भट यांच्या परंपरेत कुष्ठरोग्याला पंधरवड्याला वमन आणि महिन्याला विरेचन देण्याचे वेळापत्रकच आढळते. ताकाचे स्थान मात्र निराळे होते. ते प्रामुख्याने ग्रहणी, अर्थात पचन बिघडून वारंवार शौचाला लागण्याचा विकार, आणि मूळव्याध यांसाठी सांगितलेले होते, त्यामुळे आजच्या जाहिरातींत ताकाला प्राचीन प्रोबायोटिक म्हणून सोरायसिसशी थेट जोडले जाते, त्याला ग्रंथांचा आधार पातळ आहे.

युरोपात सोरायसिसला स्वतंत्र ओळख मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. गॅलेनने दुसऱ्या शतकात हा शब्द वापरला असला, तरी त्याचा रोख पापण्यांभोवतीच्या खाजऱ्या, खवलेदार विकाराकडे होता. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये त्वचारोगांचे वर्गीकरण करताना आजच्या सोरायसिसचे काटेकोर वर्णन केले, परंतु त्याचा एक भाग त्यांनी लेप्रा या नावाखाली ठेवल्याने महारोगाशी असलेला घोळ आणखी काही दशके कायम राहिला; व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये तो निकाली काढला. केवळ नावांच्या घोळापायी सोरायसिसच्या किती रुग्णांना महारोगी समजून गावाबाहेर ठेवले गेले असेल, याची मोजदाद आता अशक्य आहे. त्या काळचे मुख्य पोटात घ्यायचे औषध म्हणजे सोमल. टॉमस फाउलर या इंग्रज वैद्याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेले सोमलाचे द्रावण तापासाठी होते, पण पुढे ते त्वचारोगांसाठी दीडशे वर्षे वापरले गेले, आणि दीर्घकाळ सोमल घेणाऱ्यांच्या तळहातांवर कठीण गाठी व त्वचेचे कर्करोग उद्भवतात हे ध्यानात आल्यावरही ते लगेच मागे पडले नाही.

सोमलापेक्षा कितीतरी गुणकारी ठरलेले औषध युरोपात पोहोचले ते गोवा आणि मुंबई या वाटेने. पश्चिम भारतात नायटा आणि गजकर्ण या बुरशीजन्य विकारांवर लावायची एक पिवळसर तपकिरी भुकटी गोवा पावडर या नावाने विकली जात असे, आणि ती कोठून येते याबद्दल खरेदीदारांना काहीच ठाऊक नसे. मुंबईतील केंप या औषधतज्ज्ञाने १८६४ मध्ये तिच्याकडे इंग्लंडमधील औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. भारतात दीर्घकाळ सेवा केलेले सर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये नायट्यावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. ते लेखन ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ओळखले की ही भुकटी गोव्याची नव्हेच. ती त्यांच्याच प्रदेशात अरारोबा म्हणून परिचित असलेली, जंगलातील एका शिंबावर्गीय वृक्षाच्या खोडातील भेगांत आणि पोकळ्यांत साचणारी भुकटी आहे. पोर्तुगिजांच्या साम्राज्यात बाहिया आणि गोवा ही दोन्ही बंदरे एकाच सागरी व्यापाराची टोके होती, त्या मार्गाने ती पूर्वेकडे आली आणि येथे येऊन तिला येथलेच नाव मिळाले. त्या वृक्षाचे लाकूड तोडणाऱ्या मजुरांचे डोळे आणि चेहरे तिच्या धुळीने सुजत, ही नोंदही त्याच काळातील आहे.

सोरायसिसशी तिचा संबंध आला तो एका चुकीच्या निदानातून. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने आपल्या सोरायसिसला नायटा समजून त्यावर गोवा पावडर लावली आणि चट्टे विरले. हे पाहून स्क्वायर यांनी १८७६ पासून त्या उपचाराचा पाठपुरावा केला. जॉन अ‍ॅटफील्ड यांनी आदल्याच वर्षी भुकटीचे रासायनिक पृथक्करण करून तिचा मुख्य घटक क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे सांगितले होते, परंतु १८७८ मध्ये लीबरमान आणि झायडलर या जर्मन रसायनज्ञांनी तो खरे तर निराळा पदार्थ असल्याचे दाखवून त्याला क्रायसारोबिन असे नाव दिले. पुढची चार दशके क्रायसारोबिनचे मलम हे सोरायसिसवरील सर्वांत खात्रीचे औषध होते. त्वचा भाजल्यासारखी होणे, अंथरूण-पांघरुणावर न निघणारे जांभळट तपकिरी डाग पडणे आणि चुकून डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होणे हे त्याचे दोष रुग्णांना सहन करावे लागत. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे येणारा ब्राझीलचा माल बंद झाला, तेव्हा बायर कंपनीने त्याला कृत्रिम पर्याय तयार केला आणि गालेव्हस्की व उना या त्वचारोगतज्ज्ञांनी १९१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अँथ्रालिन किंवा डिथ्रॅनॉल या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ, १९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील इंग्राम यांनी त्याला डांबराचे स्नान आणि अतिनील किरणांची जोड दिल्यावर, रुग्णालयातील उपचारांचा कणा बनला. गोव्याचे नाव धारण केलेल्या एका ब्राझिली भुकटीचा हा वंशज आजही त्वचारोगांच्या पाठ्यपुस्तकांत आहे. या सगळ्या कथेत आतड्याचा कोठेही संबंध आला नाही, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

नेमक्या याच दशकांत आतड्याचा सिद्धान्त मात्र युरोपात शिखरावर होता. पॅरिसचे शार्ल बूशार यांनी १८८७ मध्ये स्वविषबाधेची कल्पना मांडली: मोठ्या आतड्यात अन्न सडून तयार होणारी विषे रक्तात शोषली जातात आणि शरीराला आतून ग्रासतात. सूक्ष्मजंतू रोग निर्माण करतात हे नुकतेच सिद्ध झालेल्या काळात, कोट्यवधी जिवाणूंनी भरलेले मोठे आतडे हे विषाचे कोठार वाटणे स्वाभाविक होते. लंडनच्या गाइज रुग्णालयातील शल्यवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी ही कल्पना टोकाला नेऊन जुन्या बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढण्यास सुरुवात केली; त्यांच्या मते त्वचेचा काळवंडलेला, निस्तेज रंग हेही या विषबाधेचेच लक्षण होते. लेन यांचे हस्तकौशल्य वादातीत होते, त्यांचा तर्क मात्र नव्हता, आणि त्या तर्काची किंमत रुग्णांनी मोजली. अमेरिकेत हाच विचार सौम्य रूपात, आहाराच्या अंगाने, सोरायसिसपर्यंत पोहोचला. न्यूयॉर्कचे एल. डंकन बल्कली सोरायसिसच्या रुग्णांना शाकाहार सुचवत, तर फिलाडेल्फियाचे जे शॅमबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९१३ मध्ये प्रथिनांचे प्रमाण अगदी कमी केलेला आहार देऊन चट्टे कमी होतात असे प्रतिपादन केले. जर्मनीत ग्रुट्स आणि ब्युर्गर यांनी १९३३ मध्ये सोरायसिस हा स्निग्ध पदार्थांच्या चयापचयाचा दोष ठरवून चरबीविरहित आहार सांगितला. एकाने प्रथिने, दुसऱ्याने चरबी, तिसऱ्याने मांस वर्ज्य केले आणि प्रत्येकाला काही रुग्ण बरे झालेले आढळले; सोरायसिस आपोआपच कधी वाढतो आणि कधी ओसरतो, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर कोणताही आहार गुणकारी वाटू शकतो, ही अडचण त्या पिढीला पुरेशी उमगली नव्हती.

प्रोबायोटिकांचा जन्म याच स्वविषबाधेच्या वातावरणात झाला. पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते जंतू गिळंकृत करणाऱ्या भक्षकपेशींच्या शोधासाठी, परंतु सर्वसामान्य लोकांत त्यांचे नाव झाले ते आंबवलेल्या दुधामुळे. म्हातारपण हे आतड्यातील सडण्याच्या क्रियेचे फळ आहे आणि दुधातील साखरेचे आम्ल करणारे जिवाणू ही क्रिया रोखू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी आणि त्यांचे दही हा त्यांचा पुरावा होता. त्या दह्यातील जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ च्या सुमारास जिनिव्हातील प्रयोगशाळेत ओळखला होता. मेचनिकोव्ह यांच्या पॅरिसमधील १९०४ च्या व्याख्यानानंतर आणि १९०७ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथानंतर युरोप आणि अमेरिकेतील औषधांची दुकाने आंबट दुधाच्या गोळ्या आणि विरजणाच्या बाटल्यांनी भरून गेली. रोज ताक पिणाऱ्या महाराष्ट्रातील घरांना या गदारोळाचे नवल वाटले असते. स्वतः मेचनिकोव्ह १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने निधन पावले, आणि १९२१ मध्ये येल विद्यापीठातील रेटगर आणि चेप्लिन यांनी सिद्ध केले की बल्गेरियन दह्यातील तो जिवाणू माणसाच्या आतड्यात मुळी वस्तीच करत नाही.

या निष्कर्षाने कल्पना मेली नाही, फक्त तिने जिवाणू बदलला. पाश्चर संस्थेतीलच आंरी तिसिये यांनी १८९९ मध्ये स्तनपान करणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेत द्विशाखी आकाराचे जिवाणू पाहिले होते, जे आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणून ओळखले जातात; जर्मनीत आल्फ्रेड निस्ले यांनी पहिल्या महायुद्धात, साथीतही हगवणीपासून वाचलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू मिळवला आणि १९१७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये लॅक्टोबॅसिलसचा एक वाण वेगळा केला, ज्यापासून १९३५ मध्ये याकुल्ट हे पेय तयार झाले. त्वचेच्या बाबतीत मात्र सर्वांत लक्षणीय लेखन १९३० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी या त्वचारोगतज्ज्ञांनी केले. काळजी आणि संताप यांमुळे आतड्याची हालचाल व त्यातील जिवाणूंची घडी विस्कटते, त्यामुळे आतड्याचे अस्तर सैल होऊन शरीरभर दाह पसरतो आणि त्याचे पर्यवसान त्वचेच्या विकारात होते, अशी मन, आतडे आणि त्वचा यांना जोडणारी साखळी त्यांनी कल्पिली आणि उपचारांत अ‍ॅसिडोफिलस जिवाणूचे दूध सुचवले. त्या काळी या साखळीतील एकाही दुव्याची थेट तपासणी करण्याचे साधन नव्हते, तरीही आजचे संशोधक त्या लेखाचा हवाला आदराने देतात. तो आदर काही अंशी योग्य आहे, काही अंशी मात्र पुढच्या ज्ञानाच्या उजेडात मागचा अंदाज उजळून काढण्याचा प्रकार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके आली, जंतू म्हणजे शत्रू हे समीकरण पक्के झाले आणि आंबट दुधाच्या वैद्यकाकडे त्वचारोगतज्ज्ञांनी पाठ फिरवली.

त्यानंतरच्या अर्धशतकात सोरायसिसचे जे प्रमाण उपचार, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांनी मान्य केलेली औषधे, उभे राहिले त्यांची कुळकथा पुन्हा योगायोगांचीच आहे. १९५१ मध्ये गब्नर आणि त्यांचे सहकारी संधिवातावर अमायनोप्टेरिन हे फॉलिक आम्लविरोधी औषध वापरून पाहत असता त्यांतील सोरायसिसच्या रुग्णाची त्वचा स्वच्छ झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. अमायनोप्टेरिन तयार झाले होते ते लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली. त्याचे अधिक सुसह्य भावंड असलेले मेथोट्रेक्सेट १९५८ पासून सोरायसिसमध्ये वापरले जाऊ लागले आणि स्वस्त व परिणामकारक असल्याने भारतातील रुग्णांसाठी ते आजही पोटात घ्यायचे महत्त्वाचे औषध आहे. १९८५ मध्ये जपानमध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी ड जीवनसत्त्वाचे एक रूप घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस निवळला आणि त्यातून कॅल्सिपोट्रिऑल या मलमाची वाट निघाली. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन सोरायसिसवर चालते हे १९७९ मध्ये दिसले, आणि त्या एका निरीक्षणाने रोगाची व्याख्याच बदलली: तो त्वचेच्या पेशींचा दोष नसून टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींनी चालवलेला प्रतिकारयंत्रणेचा दाह आहे, हे मान्य झाले.

प्रतिकारयंत्रणेचे नाव आले की आतडे दूर राहू शकत नाही, कारण शरीरातील प्रतिकारपेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. क्रोन विकार, म्हणजे आतड्याला व्रण आणणारा दीर्घकालीन दाह, असलेल्यांत सोरायसिस अधिक आढळतो हे चिकित्सकांना ठाऊक होते. १९९० मधील एका ब्रिटिश पाहणीत क्रोनच्या ९.६ टक्के रुग्णांना सोरायसिस होता, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण २.२ टक्के होते. २००० मध्ये आतड्याच्या दाहासाठी इन्फ्लिक्सिमॅब दिलेल्या एका रुग्णाचा सोरायसिसही ओसरला, आणि टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी जैविक औषधे, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली प्रथिनरूप औषधे, त्वचारोगांत शिरली. दोन प्रवाह अखेर एकत्र आले, असे येथे वाटू लागते. पण आतड्याची आणि त्वचेची भाषा तंतोतंत सारखी नाही, हे लवकरच उघड झाले. इंटरल्युकिन-१७ या दाहकारी रेणूला रोखणारे सेक्युकिनुमॅब सोरायसिसमध्ये इतके प्रभावी ठरले की २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण तेच औषध क्रोनच्या रुग्णांवर वापरून पाहिले असता २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्फळ ठरलेच, उलट त्रास वाढवणारे दिसले. त्वचेत आग लावणारा रेणू आतड्यात अस्तराचे रक्षणही करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. पोट बरे तर त्वचा बरी, हे सरधोपट सूत्र या एका निष्कर्षापुढे टिकत नाही.

इंटरल्युकिन-१७ तयार करणाऱ्या टी-पेशी आतड्यातील जिवाणूंवर अवलंबून असतात, हे २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवले: तंतूसारख्या एका विशिष्ट जिवाणूने उंदराच्या लहान आतड्यात घर केले की या पेशी वाढतात. पुढे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांत सोरायसिससारखा कृत्रिम दाह सौम्य राहतो असेही आढळले. स्टोक्स आणि पिल्सबरी यांना जे कल्पनेने भरावे लागले होते, ते आता मोजता येऊ लागले. रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणूंची जनुकीय गणना झाली, तेव्हा निरोगी लोकांपेक्षा त्यांची रचना वेगळी असल्याचे अनेक अभ्यासांनी सांगितले. २०१५ मध्ये सोरायसिसजन्य संधिवाताच्या रुग्णांत अकरमॅन्सिया आणि रुमिनोकॉकस हे जिवाणू घटलेले दिसले. मात्र कोणता जिवाणू वाढला आणि कोणता घटला याबाबत सर्व अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हा फरक रोगाचे कारण आहे, परिणाम आहे की रुग्णांच्या आहाराचा, वजनाचा व औषधांचा ठसा आहे, हा प्रश्न त्यांच्याने सुटलेला नाही.

प्रोबायोटिकच्या प्रत्यक्ष चाचण्या या पार्श्वभूमीवर वाचायला हव्यात. भारतात २०१२ मध्ये पूयुक्त पुटकुळ्यांच्या सोरायसिसची एक रुग्णा, जिला स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेटनेही आराम पडला नव्हता, लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिसच्या मात्रांनंतर बरी झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. हा जिवाणू खरे तर लॅक्टोबॅसिलस नव्हेच, त्याचे शास्त्रीय नाव बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. स्पोरलॅक या गोळ्यांच्या रूपाने तो भारतीय घरांना जुलाबाच्या निमित्ताने परिचित आहे. एका रुग्णेच्या अनुभवावरून निष्कर्ष निघत नाही, विशेषतः असा सोरायसिस कधी कधी आपणहून शमत असल्याने. २०१३ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसच्या एका वाणाची चाचणी झाली, त्यात सोरायसिसच्या २६ रुग्णांच्या रक्तातील दाहदर्शक घटक सहा ते आठ आठवड्यांत उतरले, पण रक्तातील आकडा उतरणे म्हणजे चट्टे जाणे नव्हे. सर्वांत वजनदार पुरावा २०१९ मध्ये स्पेनमधून आला. ९० प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटाला तीन जिवाणूंचे मिश्रण, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण बारा आठवडे देण्यात आले, आणि दोन्ही गटांना बीटामेथासोन व कॅल्सिपोट्रिऑल यांचे नेहमीचे मलम चालूच ठेवले गेले. सोरायसिसची तीव्रता मोजण्याची पासी ही मोजपट्टी १९७८ पासून प्रचलित असून तिच्यात चट्ट्यांचा लाली, जाडी, खपले आणि विस्तार या चारही अंगांनी हिशेब होतो. तिच्यावर ७५ टक्के सुधारणा प्रोबायोटिक गटातील ६६.७ टक्के रुग्णांना आणि दुसऱ्या गटातील ४१.९ टक्के रुग्णांना झाली.

या आकड्यांत दोन गोष्टी एकाच वेळी वाचता येतात. प्रोबायोटिकने मलमाच्या परिणामात भर घातली ही पहिली. आणि निष्क्रिय चूर्ण घेणाऱ्या प्रत्येक पाच जणांपैकी दोघे केवळ मलमाने, काळजीपूर्वक देखरेखीने आणि रोगाच्या स्वाभाविक चढउताराने तेवढेच सुधारले ही दुसरी. जाहिरातदार पहिली सांगतात, दुसरी गाळतात. शिवाय तो परिणाम त्या तीन विशिष्ट वाणांचा होता. एकाच जातीच्या जिवाणूचे दोन वाण शरीरात अगदी निराळे वागू शकतात, त्यामुळे एका मिश्रणाचा निष्कर्ष दुकानातील दुसऱ्या कुपीला किंवा घरच्या दह्याला लागू करता येत नाही. दह्यात कोणते वाण आहेत आणि किती, हे कोणी मोजलेले नसते, म्हणून २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येत ते प्रोबायोटिक ठरत नाही. अर्थात अन्न म्हणून त्याची योग्यता त्यामुळे उणावत नाही.

उलट बाजूचा पुरावाही दुर्लक्षण्याजोगा नाही. डेन्मार्कमधील २०२१ च्या चाचणीत सोरायसिसजन्य संधिवाताच्या ३१ रुग्णांपैकी काहींना निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचार देण्यात आला. स्वविषबाधेच्या काळातील डॉक्टरांना हा उपचार भयंकर वाटला असता. आतड्याच्या सिद्धान्ताची ही सर्वांत सरळ कसोटी होती, आणि तीत खोटा उपचार मिळालेला गटच अधिक बरा राहिला. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक गटातील २४ आणि दुसऱ्या गटातील ९ रुग्ण दगावले. तो रोग वेगळा आणि ते रुग्ण अत्यवस्थ होते हे खरे, तरी जिवंत जिवाणू म्हणजे निरुपद्रवीच असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून नक्की ठरते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांनी म्हणूनच अशा कुप्या डॉक्टरांना सांगूनच घ्याव्यात.

भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत वाणाची ओळख, सुरक्षितता आणि माणसांवरील पुरावा यांची अट घातली. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, बंगळूरच्या बायोकॉन कंपनीचे इटोलिझुमॅब हे जैविक औषध सोरायसिससाठी भारतात मंजूर झाले, तेही माणसांवरील चाचण्यांनंतरच. जैविक औषधाला आणि जिवाणूंच्या कुपीला एकच कसोटी लावली, तर सोरायसिसच्या बाबतीत दुसरी अजून पहिल्या पायऱ्यांवर उभी आहे. स्पेनमधील चाचणीचे रुग्ण मलम लावत होते आणि त्याच्या जोडीने चूर्ण घेत होते. मलम किंवा मेथोट्रेक्सेट सोडून केवळ जिवाणूंवर विसंबण्याला त्या चाचणीचा आधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आतड्यातील जिवाणूंपासून तयार केलेल्या औषधाला पहिली मान्यता नोव्हेंबर २०२२ मध्ये दिली, आणि ती क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे पुन्हा पुन्हा होणारा जुलाबाचा विकार उलटू नये म्हणून आहे, सोरायसिससाठी नाही.